सांगली : रिपीटरवर बोलण्याची शिस्त राहिली नाही, बुधवारचं नेट कसं चालवू?

प्रश्न : रिवाइंडिंगवाला, सांगली

नमस्कार मंडळी.

माझं सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम लोकांनी, म्हणजे लायसन्स घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्यांनी, केलेलं काम वाचलं आणि परीक्षेला बसलो. तेव्हापासून हवेवर आहे. आमच्या भागातल्या टू मीटर बँडच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) रिपीटरवर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच दुसरीवर लांबवर पोचवणाऱ्या डोंगरावरच्या सेटवर, दर बुधवारी रात्री नऊला नेट, म्हणजे सगळ्यांची हवेवरची बैठक, असतं आणि नेट कंट्रोल, म्हणजे एकेकाला बोलायला बोलावण्याचं काम, बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. गेल्या वर्षभरात ते चालवणं अवघड झालं आहे. म्हणून इथे विचारतोय.

नेट सुरू झालं की कुणीतरी नुसतं पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबून बसतो. कॉलसाईन (लायसन्सबरोबर मिळालेलं ओळखनाव) नाही, आवाज नाही, नुसता कॅरियर, म्हणजे कोरा सिग्नल. कधी मोबाइलवरचं गाणं माइकला लावतो. एक माणूस आहे की दोघे-तिघे, कळत नाही. पण खरं सांगू, मला त्याचा जितका त्रास होतो त्याहून जास्त आपल्याच लायसन्सवाल्यांचा होतो.

आमच्याकडे दोन-तीन जुने ऑपरेटर आहेत. संध्याकाळी रिपीटरवर येतात आणि स्लॅबचा दर, सोसायटीची निवडणूक, कुणाच्या मुलाचं लग्न असं सगळं बोलतात. बोलू द्या, गप्पांना कुणाची बंदी नाही. पण एकाने बटण सोडलं की दुसरा त्याच क्षणी दाबतो. टेल, म्हणजे बटण सोडल्यावर रिपीटर क्षणभर चालू राहतो तो वेळ, संपायची वाट बघत नाही. अर्धा-अर्धा तास कॉलसाईन नाही. १९७८ च्या नियमांत स्पष्ट आहे की बोलण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी कॉलसाईन द्यायचं आणि प्रसारण लांबलं तर दर दहा मिनिटांनी पुन्हा द्यायचं. हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

मधली जागा का लागते, हे नव्या लोकांसाठी लिहितो. एफएममध्ये दोन स्टेशनं एकदम बोलली तर जोरकस स्टेशन कमजोराला पूर्ण झाकून टाकतं. एसएसबी या दुसऱ्या पद्धतीत निदान खाली कुणीतरी कुजबुजतंय एवढं तरी ऐकू येतं, एफएमवर तेही नाही. म्हणजे लांबून कमी पॉवरवर बोलावणाऱ्या माणसाला दोन ओव्हरच्या (एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्याच्या) मधली जागा सोडून दुसरी जागाच नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ सगळं पाण्याखाली. वीज बंद, मोबाइलला रेंज असली तरी चार्जिंग नाही. आम्ही काही जण सिम्प्लेक्सवर, म्हणजे रिपीटरशिवाय थेट सेट-ते-सेट, होतो. दोन ओव्हरच्या मध्ये तीन सेकंद मोकळे सोडायचेच, असं पहिल्या दिवशीच ठरलं होतं. दुसऱ्या रात्री त्या मोकळ्या जागेत 'ब्रे' एवढंच ऐकू आलं. 'ब्रेक', म्हणजे 'मला मध्ये बोलू द्या', हा शब्दसुद्धा पुरा नाही. सगळे गप्प झाले, कमजोर सिग्नल दाबून टाकणारा स्क्वेल्च पूर्ण उघडला. गावभागातल्या एका बिल्डिंगमधून आपलाच एक जण हँडसेटवर बोलत होता. बॅटरी इतकी उतरली होती की हाय पॉवरवर दाबलं की सेट बंद पडायचा, म्हणून लो पॉवरवर एकेक शब्द टाकत होता. खालच्या मजल्यावरच्या आजींचं डायलिसिस चुकलं होतं, बोट हवी होती. तो निरोप पुढे गेला, कारण त्या तीन सेकंदांत कुणी बोललं नाही.

आता दुसरी गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी नुकतं लायसन्स मिळवून नेटवर आली. आवाज थरथरत होता. कॉलसाईनमधलं एक अक्षर तिने ठरलेल्या फोनेटिकऐवजी (ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो असे शब्द) दुसऱ्याच शब्दाने सांगितलं. मी तिला चेक-इन देणार, म्हणजे हजेरीत घेणार, तेवढ्यात एका ज्येष्ठाने मध्येच दाबून सगळ्यांसमोर सुनावलं, "आधी अल्फा-ब्राव्हो पाठ करून या, मग माइक धरा. हल्ली कुणालाही लायसन्स देतात." ती "सॉरी सर" म्हणाली आणि गेली. नंतरच्या एकाही बुधवारी तिचं कॉलसाईन आलेलं नाही. आणि हेच गृहस्थ स्वतः मात्र कॉलसाईन न देता अर्धा तास बोलतात.

आता ग्रुपमध्ये दोन सूचना आल्या आहेत. एक, रिपीटरचा टोन (ज्या ठरलेल्या सुरावर तो उघडतो) बदलायचा आणि तो निवडक लोकांनाच द्यायचा. दुसरी, नेट बंद करून सगळ्यांनी मोबाइलच्या ॲपवर जायचं. मला दोन्ही पटत नाहीत, पण माझ्याकडे तिसरा उपायही तयार नाही. तुमच्याकडे काय करता? कऱ्हाड, सातारा, मिरज, कुठलेही असा, अनुभवाचं सांगा.

उत्तर १ : साताराकर, जुना ऑपरेटर

ओएम (मित्रा), तुमचं सगळं वाचलं. दोन गोष्टी वेगळ्या करा. त्रास देणारा वेगळा आणि बेशिस्त वेगळा. दोघांना एकच औषध चालणार नाही.

त्रास देणाऱ्याला हवेवर एक शब्दही उत्तर द्यायचं नाही. "कोण आहे ते कॉलसाईन द्या", "पोलिसात तक्रार करू" यातलं काहीच नाही. त्याला तेच ऐकायचं असतं. तुम्ही फक्त लॉगबुकात तारीख, वेळ आणि काय ऐकलं ते लिहीत चला. पुढे वायरलेस मॉनिटरिंगवाल्यांकडे तक्रार करायची वेळ आली तर ते पान लागतं, तोंडी सांगून भागत नाही.

तो कुठून बोलतो हे शोधता येतं. रिपीटरच्या आउटपुटवर, म्हणजे तो ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो तिथे, शोधत बसू नका, तिथे अँटेना फिरवली तर रिपीटरचा डोंगरच सापडेल. त्याचा सिग्नल इनपुटवर ऐका, म्हणजे रिपीटर ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो तिथे, सहसा आउटपुटपेक्षा ६०० किलोहर्ट्झ खाली. सांगलीतल्या सांगलीत कुठे इनपुटवर तो थेट ऐकू येतो, हे चार ठिकाणी चार जणांनी उभं राहून पाहिलं तरी निम्मं काम होतं.

त्यासाठी तीन एलिमेंटची (दांड्यांची) यागी, म्हणजे एका दिशेला जास्त ऐकणारी अँटेना, घरी करा. स्टीलचा मोजायचा टेप कापून होते. रिफ्लेक्टर ४१ इंच ३ सूत, डायरेक्टर ३५ इंच १ सूत, मधला एलिमेंट दोन तुकड्यांत, प्रत्येकी १७ इंच ६ सूत, दोन तुकड्यांत एक इंच फट. रिफ्लेक्टर ते मधला ८ इंच, मधला ते डायरेक्टर साडेबारा इंच. दांडा पीव्हीसी पाइपचा. टेप असल्यामुळे झुडपातून जाताना वाकतो आणि परत सरळ होतो. जवळ गेल्यावर सगळीकडूनच सिग्नल फुल येतो आणि अँटेना निरुपयोगी होते. मग हँडसेट तिसऱ्या हार्मोनिकवर लावा, टू मीटरच्या तिप्पट म्हणजे ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथे सिग्नल कमजोर असतो, त्यामुळे दिशा पुन्हा कळायला लागते. तेही जमेना तर अँटेना काढा, सेट छातीशी धरा आणि जागेवर फिरा. जिथे सिग्नल सगळ्यात कमी, तिथे तो तुमच्या पाठीमागे.

आम्ही अजिंक्यताऱ्यावर पोरांना हे खेळ म्हणून शिकवतो. एक जण ट्रान्समीटर लपवतो, बाकीचे शोधतात. सापडलेल्या माणसाशी भांडायला मात्र जाऊ नका. बहुतेक वेळा तो ऑनलाइन स्वस्त सेट घेतलेला कॉलेजचा मुलगा निघतो आणि चांगल्या शब्दांत सांगितलं की पुढे परीक्षेलाही बसतो.

आता बेशिस्तीचं. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. दर्जा खाली आला आहे, हे म्हणणाऱ्या ज्येष्ठांचं सगळंच चूक नाही. पूर्वी पहिल्या श्रेणीला मिनिटाला १२ शब्दांचा मोर्स लागायचा. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मोर्सची सक्ती उठली. आपल्याकडे जनरल श्रेणीच्या लायसन्सला अजून ८ शब्द आहेत, रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सच नाही. मोर्स गेल्याचं मला दुःख नाही. पण मोर्स शिकताना महिनोन्महिने नुसतं ऐकावं लागायचं, ते ऐकणं गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. आज प्रश्नसंच पाठ केला की लेखी निघते. नियमांचा पेपर पास झालेला माणूस एकदाही कुणाचं क्यूएसओ (हवेवरचं संभाषण) न ऐकता माइक धरतो.

उत्तर २ : द्राक्षबाग, तासगाव (व्हीयू३ कॉलसाईन, रिस्ट्रिक्टेड श्रेणी)

साताराकर काका, तुमचा मान राखून बोलतो. पाठ करून पास झालेला मीच आहे. पण मला ऐकायला कुणी सांगितलंच नाही. ज्यांच्याकडे शिकायला गेलो त्यांनी अर्ज कसा भरायचा, फोटो कुठे अपलोड करायचा, एवढंच सांगितलं. लायसन्स आलं, सेट आला, आता काय?

पहिले कित्येक दिवस माझं कॉलसाईन अर्धंच जायचं. समोरचे म्हणायचे, "नीट बोला, कॉलसाईन पूर्ण द्या." मी पूर्णच देत होतो! बटण दाबल्या दाबल्या बोलायला लागायचो, आणि रिपीटरला टोन ओळखून उघडायला जो वेळ लागतो त्यात माझी पहिली अक्षरं जायची. दाबा, एक श्वास घ्या, मग बोला, एवढं एक वाक्य कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. ते मला शेवटी युट्यूबवर एका परदेशी माणसाने सांगितलं. आपल्या रिपीटरवर मला फक्त "नीट बोला" मिळालं.

आणि ज्येष्ठांची ती गप्पा मारायची पद्धत ऐकूनच आम्ही शिकतो ना? मला वाटायचं असंच बोलायचं असतं. मध्ये जागा सोडायची असते हे आज या धाग्यावर कळलं. एफएममध्ये कमजोर माणूस झाकला जातो हे पण. पुस्तकात 'कॅप्चर इफेक्ट' म्हणून प्रश्न होता, पर्याय कुठला ते पाठ होतं, पण त्याचा माणसाशी संबंध लागला नव्हता.

बागेत औषध मारायला पहाटे जातो तेव्हा ट्रॅक्टरवर सेट चालू असतो. त्या वेळी रिपीटर मोकळा असतो. कुणी ज्येष्ठ पहाटे साडेपाचला अर्धा तास नव्यांसाठी बसणार असेल तर मी रोज येतो. लय मोठा उपकार होईल.

उत्तर ३ : गडवाट, सातारा

मी हॅम नाही. आमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. वासोट्याला बामणोलीहून लाँचने उतरलं की फोन बंदच. म्हणून ऑनलाइन चार वॉकीटॉकी घेतले, पाच वॉटचे. पुढची आणि मागची तुकडी बोलते. हा धागा वाचून धडकी भरली. आम्ही ज्या नंबरवर बोलतो तो १४५ पासून सुरू होतो. कुणाला त्रास द्यायचा हेतू अजिबात नाही. विकताना लायसन्स लागतं असं कुणी सांगितलं नाही. काय करावं?

उत्तर ४ : मिरजेची शिक्षिका (व्हीयू३)

रिवाइंडिंगवाले दादा, त्या विद्यार्थिनीबद्दल वाचून वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. हवेवर आले तेव्हा माझ्याशी कुणी उद्धट बोललं नाही, उलटंच झालं. बाईचा आवाज ऐकला की एकाच वेळी पाच-सहा जण बोलवायला लागतात. मग "मॅडम कुठे राहता, मिस्टर काय करतात, फोन नंबर द्या ना." क्यूटीएच म्हणजे गावाचं नाव, घराचा पत्ता नव्हे. रिपीटर अख्खा जिल्हा ऐकत असतो. शेवटी मी संध्याकाळी बोलणं सोडून दिलं, आता फक्त सकाळी एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या बँडवर, असते. हवेवरच्या वागणुकीची चर्चा चालली आहे तर हेही त्यात धरा. याला कुणी बेशिस्त म्हणत नाही, म्हणून ते थांबतही नाही.

२००४ च्या डिसेंबरमध्ये अंदमानात डीएक्सपेडिशन (दुर्गम ठिकाणाहून हवेवर येण्याची हॅम लोकांची मोहीम) चालू असताना त्सुनामी आली आणि भारती प्रसाद यांनी तिथून आपत्कालीन संपर्क सांभाळला. ही गोष्ट मी मुलींना सांगते. त्यांच्या डोळ्यांत चमक येते. मग त्या विचारतात, "बाई, आम्हाला ऐकता येईल का?" आणि मला आमच्या रिपीटरची संध्याकाळ त्यांच्यासमोर लावायचा धीर होत नाही.

तक्रारीपुरतं थांबत नाही, करण्यासारखं सुचवते. नेटमध्ये चेक-इन सगळ्यांसाठी एकदम उघडू नका. सुरुवातीलाच म्हणा : "आधी कमजोर स्टेशनं आणि हँडसेटवाले." ते झाले की "आज पहिल्यांदा येणारे." मग बाकीचे. जोरकस बेस स्टेशनवाल्यांना थांबायची सवय आपोआप लागते. कुणाची फोनेटिक चुकली तर नेट कंट्रोलने तेच कॉलसाईन बरोबर फोनेटिकमध्ये परत म्हणायचं आणि पुढे जायचं. वर्गात मी हेच करते. मूल चुकीचं वाचतं तेव्हा मी ते वाक्य बरोबर म्हणून पुढच्या ओळीवर जाते, ते ऐकून सुधारतं. सुधारणा सांगायचीच असेल तर नंतर, खाजगीत, फोनवर. दुसऱ्या कुणी मध्ये बोललं तर त्याला थांबवण्याचा अधिकार नेट कंट्रोलचा आहे. तो त्या रात्री वापरायला हवा होता, असं मला वाटतं. रागावू नका.

उत्तर ५ : रिवाइंडिंगवाला, सांगली

ताई, रागावण्यासारखं काही नाही. तुमची चेक-इनची पद्धत येत्या बुधवारपासून सुरू करतो. एक विनंती आहे. त्या नेटचं कंट्रोल तुम्ही घ्याल का? मी बॅकअपला बसतो. कुणी पत्ता किंवा नंबर विचारला तर मी त्याच क्षणी थांबवतो, कुणीही असो. ती विद्यार्थिनी ज्या कॉलेजात आहे तिथले एक प्राध्यापक ओळखीचे आहेत. त्यांच्यामार्फत तिला निरोप धाडला आहे की नेट कंट्रोल एक बाई असणार आहेत.

टोन बदलायचा प्रस्ताव मी ग्रुपवर नाकारला. कारण लिहिलं ते इथेही लिहितो. टोन म्हणजे कुलूप नव्हे. इनपुटवर कान लावला की स्वस्तातला सेटही तो स्कॅन करून दाखवतो. म्हणजे त्रास देणारा दोन दिवसांत आत येईल. आणि पुराच्या वेळी कोल्हापूर किंवा सोलापूरकडून आलेला हॅम मात्र बाहेर राहील. ॲपचंही तसंच. २०१९ ला ॲप चालवायला फोन चार्ज नव्हते.

रिपीटरचा टाइम-आउट, म्हणजे एकाने सलग बोलण्याची मर्यादा, तीन मिनिटांचा होता, तो दीड मिनिटावर आणायचं ठरलं आहे. यावर दोन ज्येष्ठांनी नाराजी कळवली. मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. एकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्यांनी चहा दिला, पण ऐकलं नाही. त्यांच्याकडे पुन्हा जाईन, त्यांनीच मला पहिला पॉवर सप्लाय बांधायला शिकवलं आहे.

गडवाटवाले मित्र, तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा हॅम बँड आहे, तिथे लायसन्सशिवाय बोलणं बेकायदा आहे, ट्रेक असो वा काही. लायसन्सशिवाय वापरता येणारे छोटे सेट मिळतात, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे, अर्ध्या वॉटचे. घेताना त्या सेटला सरकारी मंजुरी आहे का ते बघा. पाच वॉटचाच सेट त्या फ्रिक्वेन्सीवर आणला तर सूट लागू होत नाही. ऑनलाइन विक्रीसाठी २०२५ मध्ये केंद्राने नियमावली काढली आहे, त्यामुळे विकणाऱ्याला लायसन्सची माहिती आधी द्यावी लागते. वासोट्यासारख्या जागी तुकड्यांमध्ये डोंगराची धार आली तर अर्धा वॉट कमी पडेल, हे खरं. तुमच्यातल्या दोघांनी तरी परीक्षा द्या. वय १२ पूर्ण असलं की बसता येतं. अर्ज सरल संचार पोर्टलवर. अभ्यासाला साताराकर काका जवळच आहेत.

तासगावकर, पहाटे साडेपाच मला जमेल. पूर आल्यापासून तसाही चारला उठायची सवय लागली आहे. सोमवार ते शुक्रवार, साडेपाच ते सहा. पहिला आठवडा फक्त ऐकायचं आणि वहीत लिहायचं : कोण, कुणाशी, सिग्नल कसा, कुठे जागा सुटली, कुठे सुटली नाही. दुसऱ्या आठवड्यात बोलायचं. आणखी कुणाला यायचं असेल तर इथेच कळवा.

साताराकर काका, यागीसाठी अर्धा इंची पीव्हीसी घेऊ की पाऊण? आणि टेपला सोल्डर धरत नाहीये, ताप दिला की नुसता ओघळतो.

उत्तर ६ : साताराकर, जुना ऑपरेटर

अर्धा इंची पुरतो, वजनाला हलका पडतो. जोडाला क्रॉस आणि टी घ्या, एलिमेंट होज क्लिपने आवळा. टेपवरचा पिवळा रंग आधी पॉलिश पेपरने पार घासून काढा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. मग फ्लक्स लावून टिन करा, म्हणजे सोल्डरचा पातळ थर द्या. तुमच्या दुकानातला मोठा सोल्डरिंग आयर्न घ्या, पंचवीस वॉटच्याने होणार नाही. मधल्या एलिमेंटच्या दोन तुकड्यांना पाच इंच वायरीचा हेअरपिन (यू आकाराचा तुकडा) जोडायला विसरू नका, त्याशिवाय अँटेना केबलशी मॅच होत नाही. येत्या रविवारी पोरांना घेऊन सांगलीला येतो. इनपुटवर ऐकायला चार जागा ठरवून ठेवा, एक हरिपूरच्या बाजूची धरा.